तुरळक ठिकाणी

आमच्या काकाजींचा हवामान खात्यावर राग नाही. राग आहे तो एका शब्दावर. सकाळी गोठ्यातलं शेण काढताना खुंटीला टांगलेला रेडिओ चालू असतो. बातम्या संपत आल्या की निवेदिका रोजच्याच एकसुरी आवाजात सांगते, 'विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता आहे.' मग काकाजी हातातलं फावडं थांबवून रेडिओला विचारतात, "तुरळक म्हंजे कोनाच्या ठिकाणी, बाई?"

काटोल-नरखेडच्या पट्ट्यात आमचा संत्र्याचा बगिचा आहे. मी नागपुरात असतो, नोकरी करतो आणि मार्च लागला की दिवसातून चारदा फोनवर अंदाज बघतो. काकाजी वावरात असतात आणि आभाळ बघतात. रात्री आम्ही फोनवर आपापलं बघितलेलं एकमेकांना सांगतो. लग्नकार्य, आजारपण, शेजाऱ्याचं धुऱ्यावरचं भांडण हे सगळे विषय त्यानंतर.

एकदा हौसेनं मी 'तुरळक'चा अर्थ शोधून काढला. मला वाटलं होतं, मोघम बोलायची ती सरकारी रीत असावी. पण तो शब्द चक्क मोजून बांधलेला आहे. एखाद्या उपविभागात पावसाची जितकी केंद्रं आहेत, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर 'तुरळक ठिकाणी'. २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ असेल तर 'अनेक ठिकाणी' आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. उपविभाग म्हणजे तालुका नाही की जिल्हाही नाही. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ अशा चार तुकड्यांत आपल्याकडचा अंदाज येतो. बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचे अकराही जिल्हे एकाच तुकड्यात.

हे मी मोठ्या उत्साहानं काकाजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग बरोबर हाय तिचं. पण बाबू, ज्याच्या वावरात पडते ना, त्याच्यासाठी थो शंभर टक्केच रायते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

नागपुरात उन्हाळा सुरू झाल्याचं पत्रक कुणी काढत नाही. होळी जळली की माळ्यावरचे कूलर खाली येतात, गल्लीत ताट्या बदलून देणारे फिरायला लागतात. नवी वाळ्याची ताटी पहिल्यांदा भिजली की घरभर जो वास सुटतो तो आमचा उन्हाळ्याचा पाडवा. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आमचं कूलरप्रेम कळत नाही. मुंबईत कूलर लावणं म्हणजे ओल्या अंगावर ओला टॉवेल पांघरणं. पण आमची एप्रिलची दुपार इतकी कोरडी असते की ताटीतून वाहणारं पाणी भराभर उडून जातं, आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. बाहेर ४३ असताना आत चादर ओढून झोपणारी माणसं आमच्याकडे घरोघरी आहेत.

पण या यंत्राची खरी गंमत ते ज्या दिवशी चालत नाही त्या दिवशी. पंखा फिरतोय, पंप पाणी उडवतोय, ताटी ओली आहे, आणि तरी खोलीत चिकट, कोंदट वाटतंय. मिठाच्या बरणीतलं मीठ चमच्याला धरतंय. अशा दिवशी बायको स्वयंपाकघरातूनच ओरडते, "आज कूलर लागूनच नाही राह्यला. गच्चीवरचे पापड काढून घ्या!" तिनं कधी रडारचं चित्र उघडून बघितलेलं नाही. पण हवेत दमटपणा वाढला की पाणी उडायचं मंदावतं, म्हणजे कूलरची मात्रा चालत नाही, आणि वर तापलेल्या जमिनीच्या जोडीला ती ओल मिळाली की संध्याकाळी ढग उभे राहतात. तिचा अंदाज चुकतोही. पण पापड एकदाही भिजलेले नाहीत.

ती ओल येते कुठून? बरीचशी बंगालच्या उपसागरावरून. वायव्येकडून येणारा कोरडा, भाजलेला वारा आणि पूर्व-दक्षिणेकडून येणारा दमट वारा यांची गाठ उन्हाळ्यात बऱ्याचदा आमच्या डोक्यावर पडते. खात्याच्या पत्रकात वाऱ्यांची एक द्रोणीय रेषा वारंवार भेटते, म्हणजे अशा दोन दिशांचे वारे जिथं भेटतात ती रेघ. ती विदर्भावरून निघते, मराठवाडा आणि कर्नाटकाच्या आतल्या भागातून थेट केरळाकडे उतरते. नकाशावर पेन्सिलनं ओढलेली वाटावी अशी ती रेघ. पण ती ज्या दिवशी ठसठशीत असते, त्या दिवशी काकाजी बैलांना झाडाखाली बांधत नाहीत.

उष्म्याच्या बाबतीत खात्याची भाषा तर आणखी चमत्कारिक. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० हवं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त हवं, तेव्हा उष्णतेची लाट. किंवा मग पारा थेट ४५ ला पोचायला हवा. ४७ झाले की तीव्र लाट. आता नागपुरात मे महिन्याची सरासरीच बेचाळीसच्या पुढे आहे. म्हणजे ४४ अंशाच्या दुपारी डांबर बुटाला चिकटतंय, चौकातल्या सिग्नलवर हिरव्या जाळ्यांच्या सावलीत दुचाकीवाले दाटीवाटीनं उभे आहेत, रसवंतीवर बर्फ संपलाय, आणि नियमानं ती लाट नाही! तो आमचा साधा मंगळवार. किनाऱ्यावर मात्र ३७ पासून हिशेब सुरू होतो, आणि ते योग्यच आहे. कारण घाम वाळला नाही तर ३८ सुद्धा जीव घेतं. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला उघड्या मैदानातल्या कार्यक्रमानंतर उष्माघातानं चौदा माणसं गेली. त्या दिवशी आमच्याकडे कुणी पारा बघून हसलं असतं.

आणि हे सगळे आकडे सावलीतले, बरं का. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेवलेल्या तापमापकाचे. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि शहरात नुसता धुमाकूळ झाला. सगळ्यांच्या फोनवर तोच आकडा. दुसऱ्या केंद्रांवर ४४ च्या आसपास होतं. खात्यानं उपकरणातला बिघाड म्हणून तो आकडा बाद केला. पण मला आठवतं, आमच्या ऑफिसातल्या लोकांना तो बाद झाल्याचं थोडं वाईटच वाटलं होतं. इतकं सोसायचं तर जागतिक विक्रम तरी आपला असावा!

मी ज्यासाठी लिहायला बसलो ती संध्याकाळ तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली. शनिवार होता, मी गावी गेलो होतो. आंबिया बहाराची फळं झाडावर बोराएवढी झाली होती. संत्र्याला दोन बहार येतात, आंबिया आणि मृग. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत धरतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतं. एप्रिलमधलं फळ म्हणजे नुकतं बाळसं धरलेलं पोर.

सकाळच्या अंदाजात पिवळा इशारा होता. मेघगर्जना, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचे वारे आणि तुरळक ठिकाणी गारपीट. पिवळा म्हणजे लक्ष असू द्या. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हाला. मी काकाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लक्ष देऊन काय करू? बगिचा काय उचलून घरात आनता येते?"

साडेतीनला पश्चिमेकडून ढग चढायला लागला. वरून तो फुलकोबीसारखा पांढराशुभ्र होता, आणि खालून जुन्या तांब्याच्या भांड्यावर कळंक चढावा तशा हिरवट काळ्या रंगाचा. चिमण्यांचा आवाज बंद झाला ते मला नंतर आठवलं. त्या वेळी जाणवला तो वारा. पहिली झुळूक चक्क गार होती. मी वेड्यासारखा अंगणात हात पसरून उभा राहिलो. ही झुळूक म्हणजे ढगातून पावसासोबत थंड होऊन खाली कोसळलेली हवा, जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरणारी. ती तुमच्या अंगाला लागली म्हणजे ढग फार लांब नाही. काकाजींना हे शास्त्र माहीत नाही, पण ते ओरडले, "वावधन आलं! आत हो!"

मग धूळ, मग टिनांचा खडखडाट, आणि मग गोठ्यावर कुणीतरी पोतंभर गोटे ओतावेत तसा आवाज. पहिल्या गारा वाटाण्याएवढ्या होत्या, नंतरच्या सुपारीएवढ्या. काकूंनी चुलीवरचा लोखंडी तवा उचलून अंगणात उलटा फेकला. उलटा तवा टाकला की गार थांबते, असं त्यांच्या माहेरी मानतात. आम्ही चौघं दारात उभे होतो आणि एकमेकांशी बोलत होतो, पण तोंडं हलताना दिसत होती तेवढंच. मी घड्याळ बघत होतो, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. अकरा मिनिटं.

थांबल्यावर जी शांतता आली तिच्यात फक्त पन्हाळीतून गळणारं पाणी. अंगण पांढरं. दुपारी पाय भाजत होते त्याच जागेवर पाय बधिर होत होते. काकाजींनी एक मोठी गार उचलली, कमरेची छाटणीची कात्री काढली आणि तिचे दोन तुकडे केले. आत कांद्यासारखे पापुद्रे होते. एक काचेसारखा, एक दुधाळ, पुन्हा एक काचेसारखा. पाणी सावकाश गोठलं की थर पारदर्शक होतो, झटकन गोठलं की हवेचे बुडबुडे अडकून पांढरा होतो. वर चढणाऱ्या वाऱ्यानं ती गार ढगात जेवढा वेळ तोलून धरली, त्याची ती वही होती. काकाजींनी ती वही थोडा वेळ तळहातावर धरली आणि मग पाणी झटकलं.

बगिच्यात गेलो तर झाडाखाली पानांचा आणि हिरव्या बोरांचा सडा. पण मला वाटलं होतं तसं काकाजी खाली बघत नव्हते. ते फांदीवर राहिलेली फळं एकेक फिरवून बघत होते. पडलेलं फळ एका दिवसाचं दुःख. झाडावर राहिलेल्या फळाला जो टोला बसतो, तो फळासोबत वाढतो. ऑक्टोबरात त्याचा तपकिरी, खरबरीत डाग झालेला असतो, आतली फोड गोड असते आणि व्यापारी ते डागी मालाच्या ढिगात टाकतो. तोवर सहा महिने त्या फळाला पाणी, खत, फवारणी सगळं द्यावंच लागतं.

नाल्यापलीकडे आमच्या भाऊबंदांचा बगिचा आहे. तिथं नुसता शिडकावा झाला होता. त्यांनी सकाळी येऊन आमच्याकडे बघितलं आणि त्यांना काय बोलावं कळेना. आपलं वाचलं याची शरम वाटलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. साडेआठला पर्जन्यमापकं वाचली जातात, त्यांत कितीसं पाणी सापडणार? आणि रेडिओवर पुढचं वाक्य आलंच, 'गेल्या चोवीस तासांत विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस झाला.' अगदी खरं होतं ते.

नंतर पंचनामा झाला. तिथंही टक्केवारी भेटली. मदत मिळायला पिकाचं नुकसान निदान ३३ टक्के हवं. २०१५ पर्यंत ते ५० हवं होतं, म्हणजे सुधारणाच म्हणायची. पंचनामा करायला आलेला मुलगा भला होता, उन्हात तीन तास फिरला. पण मार लागून फांदीवर राहिलेलं फळ कुठल्या रकान्यात लिहायचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

या उन्हाळी वादळांचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजायला गेलं तर फारसा नसतोच. ती मारतात ती झाडानं, पत्र्यानं, फलकानं. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारसला मंदिराच्या टिनाच्या शेडवर जुना कडुनिंब कोसळला, सात भाविक गेले. १३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक पडला, सतरा गेले. माणूस वादळात आडोसा शोधतो, आणि आडोसाच अंगावर येतो. वीज दिसली की झाडाखाली जाऊ नका, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप मी काकाजींच्या मुलाच्या फोनवर घालून दिलंय, आसपासची वीज ते दाखवतं. पण चाळीस एकरांच्या उघड्या शिवारात एकच चिंच असताना माणसानं जावं कुठं, हे अॅपला विचारता येत नाही.

आता थोडं त्या मोठ्या अंदाजाबद्दल, उन्हाळाभराच्या. मार्च संपता संपता खातं एप्रिल ते जूनचा अंदाज देतं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येतो की यंदा होरपळ होणार. मूळ अंदाज एवढा छातीठोक नसतो. त्याची रीत मी काकाजींना अशी समजावली: १९९१ ते २०२० ही तीस वर्षं घ्या. त्यांतले सगळ्यात तापलेले दहा उन्हाळे एका टोपलीत, मधले दहा दुसरीत, सगळ्यात मवाळ दहा तिसरीत. काहीच ठाऊक नसेल तर येणारा उन्हाळा कुठल्याही टोपलीत पडायची शक्यता सारखीच, तेहेतीस टक्के. समुद्राचं तापमान, वारे वगैरे गणितात घालून खातं सांगतं की यंदा पहिल्या टोपलीकडे झुकतंय, समजा पन्नास टक्के. म्हणजे तरीही दोनातून एकदा ते तसं नसणार.

काकाजी म्हणाले, "म्हंजे व्यापाऱ्यासारखंच झालं. घेईन म्हनते, पण विसार देत नाही."

२०२५ चा उन्हाळा त्यांच्या बाजूनं साक्ष देतो. ३१ मार्चला अंदाज आला की एप्रिल ते जूनमध्ये देशाच्या मोठ्या भागात उष्ण लाटांचे दिवस नेहमीपेक्षा जास्त राहतील, त्यात महाराष्ट्रही होता. एप्रिलनं शब्द राखला, चंद्रपूरनं ४५ ओलांडली. आणि मग मे महिन्यानं पाठ फिरवली. राज्यभर अवकाळी सुरू झाला, नाशिककडे कांदा भिजला, २४ मेला मान्सून केरळात आणि २६ ला मुंबईत! मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. २५ मेला सूर्य रोहिणीत गेला की आमचा नवतपा लागतो. वर्षातले सगळ्यात भट्टीचे नऊ दिवस. त्या वर्षी नवतप्यात आम्ही कूलर बंद ठेवून खिडक्या उघड्या टाकून झोपलो. मग महिनाअखेर मान्सून अडून बसला, तो जूनच्या मध्यापर्यंत हलेना, आणि उकाड्यानं सगळं व्याजासकट वसूल केलं. आता सांगा, अंदाज चुकला की बरोबर आला? मी खात्याच्या बाजूनं वाद घालतो. खातं १८७५ पासून हे काम करतंय, आणि तीन तासांचा इशारा आता बऱ्यापैकी नेमका येतो. काकाजी वाद घालत नाहीत. ते म्हणतात, "त्यायनं सांगितलं थे खोटं नाही. आपल्याले पायजे थे त्यायनं सांगितलं नाही."

आणि आपल्याला काय पाहिजे, तेही दोघांचं एक नाही. मे महिन्यात मृग बहारासाठी काकाजी काही झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेनं पानं वळवून घेतं, थोडी गाळतं, जीव मुठीत धरून बसतं. मग मृगाचा पाऊस आला की एकदम अंगभर फुलतं. या ताणावर मध्येच एक दमदार सर पडली तर झाड फसतं. त्याला वाटतं सुगी आली. फुलाऐवजी नवती फुटते, नुसती हिरवी पानं, आणि बहार गेला. म्हणजे मे महिन्याच्या ज्या सरीसाठी मी नागपुरात गच्चीवर उभा राहून आभाळाकडे तोंड करतो, तीच सर काकाजींना नको असते. त्यांना ऊन हवं असतं, रखरखीत, न चुकणारं, जूनच्या सात तारखेपर्यंत. हे कळल्यापासून मला गच्चीवर उभं राहताना चोरट्यासारखं वाटतं.

गेल्या मे महिन्यात एका रात्री कूलर लागेना. बायकोनं दोरीवरचे कपडे काढले. मी गच्चीवर गेलो तर काटोलच्या दिशेला, खाली क्षितिजाशी, आवाज न करता वीज चमकत होती. फोनवर इशारा होता: पुढचे तीन तास, नागपूर जिल्हा, तुरळक ठिकाणी. मी काकाजींना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे तेही जागेच होते.

"आला काय हो?"

"नाही बाप्पा. गरजून राह्यला नुसता. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं कोरडं आहे."

"तिकडंच पडू दे. तुमचं जमते."

मी हो म्हणालो. मग आम्ही दोघंही गप्प राहिलो, फोन कानाला लावून. त्यांच्याकडचं बेडूक ऐकू येत होतं, गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. बराच वेळ तेवढंच होतं. मग लांबवर, एक. थोड्या वेळानं दुसरा. टिनावर.

"थांब," काकाजी म्हणाले, आणि फोन तसाच खाटेवर ठेवून बाहेर गेले.